काशिनाथ मोकलचा हात

"हात पुढे करा," मी म्हणालो, आणि दर्यावीर संघाच्या बारा खेळाडूंनी रांगेत उभे राहून आपापले पंजे माझ्यापुढे धरले.

कबड्डीत सामन्याआधी पंचाने खेळाडूंची नखे तपासावीत, असा नियम आहे. नख वाढलेले असले तर ते जागच्या जागी कापून घ्यायचे. अंगाला तेल चोपडलेले असले तर ते पुसायला लावायचे. बहुतेक मुख्य पंच हे काम सहायकांवर ढकलतात. मी ते कधी ढकलले नाही. चेहऱ्याला खोटे बोलण्याचा सराव असतो, पंजाला नसतो, या मताचा मी होतो. आणि ते मत शाळेत व मैदानावर आयुष्य घालवून बनवलेले असल्यामुळे त्याविषयी दुसऱ्या कोणाचे ऐकून घेण्याची मला कधी गरज वाटली नव्हती.

"नीट बघून घ्या हां, वर्तक मास्तर," मागून आवाज आला. "एकदा सामना सुरू झाला की हे हात तुम्हांला वर दिसायचे नाहीत."

खेळाडू हसले. मालकाच्या विनोदाला नोकर जसे हसतात, तसे. म्हणजे वेळेवर आणि मोजके.

तो आवाज मोतीराम तांडेलचा होता. व्यावसायिक कबड्डीची साखळी सुरू झाल्यापासून चार वेळा चषक उचललेला प्रशिक्षक. बंदिस्त क्रीडागृहातही काळा चष्मा न काढणारा. आणि साबणाच्या कारखान्यांपासून सहकारी बँकांपर्यंत सर्वांनी आपल्या नोकरदारांना 'जिंकायचे कसे' हे सांगण्यासाठी मोटार पाठवून बोलवावे, असा वक्ता. त्याचे व्याख्यान मी दोनदा ऐकले आहे: पहिल्या खेपेस चुकून, आणि दुसऱ्या खेपेस पहिल्या खेपेवर विश्वास बसला नाही म्हणून. 'शिखर', 'झेप', 'वादळ', 'वाघ' असे चार शब्द घ्यावेत, ते डब्यात घालून खुळखुळवावेत आणि श्रोत्यांवर ओतावेत, एवढीच त्याची वाक्यरचना. लोक टिपून घेत होते.

हातांबद्दलचा त्याचा विनोद मात्र विनोद नव्हता. कबड्डी ठाऊक नसलेल्यांसाठी एवढे सांगितले पाहिजे, की चढाईला आलेल्या गड्याचे बोट, नख, अंगरख्याची कड, काहीही बचाव करणाऱ्याला लागले आणि तो गडी दम न सोडता आपल्या अंगणात परतला, तर ज्याला लागले तो बाद. हा स्पर्श कित्येकदा इतका ओझरता असतो की पंचाला तो दिसणे अशक्य. तो दोघांनाच ठाऊक असतो. आणि चढाई करणारा धावण्याच्या भरात असतो, म्हणून खरे म्हणजे एकालाच. यासाठी आमच्याकडे मातीच्या मैदानापासून चालत आलेली रीत अशी, की ज्याला लागले त्याने आपण होऊन हात वर करावा आणि बाहेर जावे. नियमात हे कोठेही लिहिलेले नाही. न लिहिता ते शंभर वर्षे पाळले गेले, हीच त्याची प्रतिष्ठा.

तांडेलने ती रीत मोडून चार चषक मिळवले होते. त्याच्या संघात हात वर करणारा खेळाडू पुढच्या सामन्यात राखीव बाकावर बसे आणि पुढच्या हंगामात घरी. "पंचाला दिसलं नाही, म्हणजे घडलं नाही," हे त्याचे शिकवण्याचे वाक्य होते. व्याख्यानात तो ते सांगत नसे. तेथे वाघ असे.

रांगेत शेवटचा उभा होता काशिनाथ मोकल, डाव्या कोपऱ्याचा रक्षक, संघातला सर्वांत वडीलधारा गडी. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे मोडून वाकडी सांधलेली होती. नखे तळापर्यंत कापलेली.

"शेवटचा सामना ना?" मी विचारले.

"हो, सर. गुडघे आता ऐकत नाहीत."

"उद्यापासून?"

त्याने उत्तर देण्याआधी तांडेलने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "उद्यापासून माझ्याकडे! अकादमी मिळतेय आपल्याला, मास्तर. मंत्रिसाहेब स्वतः येतायत बक्षिसाला. आज जिंकलो की जागच्या जागी घोषणा. आणि हा माझा उपप्रशिक्षक. घर, पगार, सगळं. काय रे काशी?"

"सर म्हणतील तसं," काशिनाथ म्हणाला.

अकादमीविषयी मला ठाऊक होते. राज्य शासन कबड्डीची निवासी अकादमी काढत होते, आणि गावोगावची बारा वर्षांची मुले निवडून तिच्या संचालकाच्या हवाली करायची होती. नावे दोनच उरली होती: तांडेल, आणि अंतिम सामन्यात त्याच्यासमोर उभ्या असलेल्या कृष्णाकाठ संघाचे प्रशिक्षक शिंगाडे गुरुजी. मंत्रिमहोदयांना कबड्डीतले काही कळत नव्हते. त्यामुळे चषक ज्याच्या हातात असेल त्याच्या हातात मुले द्यायची, असा सरळ विचार त्यांनी केला होता. चषकासाठी चार वर्षे रक्त आटवणाऱ्या दोन संघांना त्या संध्याकाळी चषकापलीकडचे काय पणाला लागले आहे याची खरी जाणीव नव्हती. मला होती, तांडेलला होती आणि काशिनाथला होती.

"मुलांना काय शिकवणार, काशिनाथ?" मी विचारले.

त्याने तांडेलकडे पाहिले.

"सांग की! लाजतोस काय?" तांडेल म्हणाला. "बरं, मी सांगतो. पहिला धडा, हात खाली. बारा वर्षांचं पोर म्हणजे ओली माती, मास्तर. त्या वयात लागलेली खोड जात नाही. हाच बघा ना. त्या तुमच्या धर्माअण्णानं लहानपणी याला हात वर करायची खोड लावली, ती मोडताना मला घाम फुटला. लागला की गेलाच याचा हात वर! झोपेतसुद्धा जात असेल."

"धर्माअण्णा तुमचेही गुरू होते, तांडेल," मी म्हणालो.

"होते ना! म्हणून तर सांगतोय. काय मिळवलं म्हाताऱ्यानं? आयुष्यभर हात वर. मेला तेव्हाही हात वर करूनच गेला असेल. 'लागलं, यमराज, लागलं!'"

या खेपेस खेळाडू वेळेवर हसले नाहीत. काशिनाथचे पंजे अजून माझ्यापुढे धरलेले होते. ते त्याने खाली घेतले, एकावर एक ठेवले आणि मांडीशी टेकवले.

"झालं ना, सर?" त्याने मला विचारले.

"झालं," मी म्हणालो.

धर्माअण्णा हे अलिबागकडच्या आमच्या गावातले कबड्डीचे गुरू. आम्ही तिघेही, वेगवेगळ्या काळात, त्यांच्याच मातीत लोळलो. तांडेलची नि माझी पिढी एक, काशिनाथ पुष्कळ नंतरचा. जिल्ह्याच्या संघात शेवटची एक जागा उरली होती आणि तिच्यासाठी आमच्याच मैदानावर चाचणी सामना होता. चढाई माझी होती. परतताना माझी बोटे तांडेलच्या कोपराला लागली. घामाने ओला कोपर होता. मला त्याचे हाड लागले. मी मध्यरेषा ओलांडून वळून पाहिले. तांडेल माझ्याकडे पाहत नव्हता, पंचाकडे पाहत होता. पंच रेषेकडे पाहत होता. तांडेलने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि वाट पाहिली. पुढच्याच चढाईत माझी पकड झाली आणि जागा त्याला मिळाली. त्या जागेतून त्याला राज्य संघ मिळाला, राज्य संघातून नोकरी, नोकरीतून प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आणि पुढचे सगळे. धर्माअण्णा मैदानाच्या कडेला बसले होते. ते उठले आणि सामना अर्धा टाकून घरी गेले. तेव्हापासून मी तांडेलला तुच्छ लेखत आलो आहे. त्याला कोणी मत्सर म्हणावे, मला चालेल. मत्सर आणि तिरस्कार एकाच माणसाविषयी एकाच वेळी वाटू शकतात, आणि एक खोटा ठरल्याने दुसरा खोटा ठरत नाही.

सामना सुरू झाला. मी मध्यरेषेच्या टोकाशी उभा होतो. दर्यावीरचा खेळ नेहमीप्रमाणे घोटीव होता: साखळी करून पकड, वेळ खाऊन चढाई, आणि दर वेळी ओझरता स्पर्श झाला असेल अशी शंका यावी तेथे सातही चेहरे भिंतीसारखे कोरे. पूर्वार्धातच एका क्षुल्लक गुणासाठी तांडेलने फेरतपासणीची, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय बदलून घेण्याची, आपली एकमेव संधी मागितली, आणि ती वाया गेली. पण उत्तरार्ध निम्मा झाला तेव्हा दर्यावीर नऊ गुणांनी पुढे होते. तांडेलने चष्मा कपाळावर चढवला. मंत्रिमहोदय आले होते. त्यांना खुर्ची दाखवायला तो स्वतः गेला.

मग कृष्णाकाठच्या अजित खोताने चढाया सुरू केल्या. सांगलीकडचा सडपातळ गडी, पाय सापासारखे. एकेका चढाईत त्याने दर्यावीरचे बुरूज ढासळवत नेले. तांडेल कडेने ओरडत होता, "वेळ काढा! अरे वेळ काढा!" आणि वेळ काढायला गेलेला त्याचा सहावा गडी पकडीत सापडला. दर्यावीरच्या अंगणात उरला एकटा काशिनाथ.

हिशेब सोपा होता. दर्यावीर दोन गुणांनी पुढे, चढाई शेवटची, आणि ती खोताची. तो रिकाम्या हाती परतला तर चषक तांडेलचा. त्याने काशिनाथला स्पर्श करून परत गाठले तर स्पर्शाचा एक गुण आणि सगळा संघ बाद झाल्याचे, म्हणजे लोणाचे, दोन, चषक कृष्णाकाठचा. काशिनाथने पकड करण्याची गरज नव्हती. त्याने नुसते लांब राहायचे होते.

"लांब राहा, काशी!" तांडेल ओरडला. "नुसता लांब राहा!"

खोत दम घेऊन आत आला. काशिनाथ मागे मागे सरकत डाव्या कोपऱ्यात गेला. खोताने एकदा हुलकावणी दिली, दोनदा दिली, मग पाठ फिरवून परतल्यासारखे केले आणि उलटा पाय मागे फेकला. काशिनाथने आपला घोटा उचलून घेतला. त्या क्षणी खोताचे अंग माझ्या आणि त्या घोट्याच्या मध्ये होते; त्या बाजूचा पंचही तसाच झाकला गेला होता. पाय परत गेला, घोटा खाली आला, खोत पळाला. मध्यरेषा ओलांडून तो तसाच पुढे चालत गेला, मान खाली घालून. मला वाटले, दमला आहे. वेळ संपल्याचा भोंगा वाजला. दर्यावीरच्या बाकावरून सगळे उसळून मैदानात धावले.

आणि काशिनाथने हात वर केला.

उजवा हात, दोन वाकड्या बोटांसह, पूर्ण वर. मातीच्या मैदानावर करतात तसा. धावत आलेले खेळाडू जागच्या जागी थांबले. खोताने वळून पाहिले. त्याचे तोंड उघडे राहिले. मग तो किंचाळला आणि त्याचा संघ त्याच्यावर कोसळला.

मी काशिनाथजवळ गेलो. "काशिनाथ, लागला?"

"हात वर आहे ना, सर," तो म्हणाला.

मी बाजूच्या पंचाकडे पाहिले. त्याने मान हलवली: दिसले नाही. तोवर तांडेल माझ्यापर्यंत पोहोचला होता. चष्मा कोठेतरी पडला होता. उघड्या डोळ्यांनी मी त्याला कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. ते लहान होते आणि घाबरलेले होते.

"लागला नाही!" तो म्हणाला. "वर्तक, लागला नाही! मी इथून बघितलंय, मी कोपऱ्यातच उभा होतो. वीतभर अंतर होतं!"

"तुमच्या खेळाडूचा हात वर आहे."

"त्याचा हात गेला खड्ड्यात! तुम्ही बघितलंत का लागताना? तुमच्या पंचानं बघितलं? नियमात कुठं लिहिलंय की खेळाडूचा हात म्हणजे निर्णय? दाखवा मला!"

"कोठेही लिहिलेले नाही. निर्णय माझा आहे. हात ही साक्ष आहे."

"खोटी साक्ष आहे! शपथ घेऊन सांगतो. आईची शपथ, वर्तक. लागला नाही!"

त्याने शपथ घेतली आणि मला हसू आले, हे मी लपवीत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर लागलेले लागले नाही म्हणून सांगितले, तो आता मला लागले नाही म्हणून सांगत होता. त्याला दुसरे काही म्हणता येते, अशी शंकाही मला आली नाही. शिवाय कबड्डीच्या मैदानावर झालेला स्पर्श लपवणारे मी शेकड्यांनी पाहिले होते. न झालेला स्पर्श कबूल करणारा माणूस जन्माला आल्याचे ऐकिवात नव्हते. ज्याचा तोटा, त्याचीच साक्ष. याहून भक्कम पुरावा कोणत्या न्यायालयात मिळतो?

"तांडेल," मी म्हणालो, "पंचाला दिसलं नाही ते घडलं नाही, हे तुमचंच वाक्य ना? मला स्पर्श दिसला नाही. मला हात दिसला. हात घडला."

मी शिट्टी वाजवली आणि कृष्णाकाठला तीन गुण दिले.

त्यानंतर जे झाले ते मी इतक्या जवळून पाहिले की त्याचा प्रत्येक तपशील मला आठवतो. तांडेलने मुठी आवळल्या आणि तो काशिनाथकडे निघाला. त्याच्या चालण्यात मारण्याचा स्पष्ट इरादा होता. तेवढ्यात क्रीडागृहात एक आवाज सुरू झाला. आधी मला तो कळला नाही. मग कळले की प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत आहेत, विजेत्यांसाठी नव्हे. ते त्या एकट्या माणसासाठी वाजवीत होते, जो अजून हात वर करून उभा होता. मोठ्या पडद्यावर त्याचा हात दिसत होता. मंत्रिमहोदय उभे राहिले होते आणि टाळ्या वाजवीत होते. कृष्णाकाठचे शिंगाडे गुरुजी डोळे पुसत होते.

तांडेल चालता चालता पडद्याकडे पाहत होता. दोन पावले तो पूर्वीच्याच रागाने चालला. तिसऱ्या पावलाला त्याचा चेहरा सैल झाला, चौथ्याला त्यावर वात्सल्य आले, आणि काशिनाथजवळ पोहोचेपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याने काशिनाथला कवटाळले, त्याच्या कानाशी तोंड नेले, आणि मग त्याचे मनगट धरून तो हात, जो खाली येऊ लागला होता, पुन्हा वर खेचला. कॅमेरे धावले.

"हेच!" तो ओरडला. "हेच शिकवतो मी माझ्या पोरांना! चषक येतात, जातात! हा हात राहतो!"

मी पुष्कळ नाटके पाहिली आहेत. एवढ्या थोड्या वेळात एवढी मोठी भूमिका पाठ केलेला नट पाहिला नाही.

बक्षीस समारंभ सुरू होण्याआधी मी घसा ओला करायला क्रीडागृहाच्या मागच्या नळांकडे गेलो. काशिनाथ तेथे मनगटावर पाणी सोडत होता. तांडेलच्या बोटांचे वळ उठले होते.

"धर्माअण्णा असते," मी म्हणालो, "तर आज सामना पूर्ण बघून घरी गेले असते."

"नसते बघत, सर." तो नळाखालून हात न काढता म्हणाला. "अर्धा टाकून गेले असते."

"म्हणजे?"

"लागला नव्हता."

नळ वाहत होता. मी तो बंद केला.

"पुन्हा बोल."

"खोताचा पाय लागला नव्हता, सर. वीतभर लांब होता. तांडेल सर खरं बोलत होते. त्यांनी कानात काय सांगितलं माहीत आहे? 'लागला नव्हता, हरामखोरा. तुला गाडतो.' सगळे टाळ्या वाजवत होते ना, तेव्हा."

"मग तू हात का वर केलास?"

"बारा वर्षांची पोरं, सर," काशिनाथ म्हणाला. "सामन्याआधी त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीपण ऐकलंत. पहिला धडा हात खाली. आणि तो द्यायला मी. घर देणार, पगार देणार, आणि मी रोज सकाळी उठून शंभर पोरांचे हात खाली करणार. अण्णांनी एकेकाला शिकवायला जन्म घालवला. शेवटच्या चढाईला खोत पाठ फिरवून जायला लागला तेव्हा मला दिसलं, की हा असाच गेला तर झालंच. चषक त्यांना, पोरं त्यांना. मग हात गेला वर. तोंडानं खोटं नाही बोललो, सर. तुम्ही विचारलंत, तरी नाही."

"नाही बोललास," मी कबूल केले. मला त्याचे उत्तर शब्दन् शब्द आठवले. खोताची खाली गेलेली मानही आठवली.

"सहाही पोरांचा चषक गेला माझ्यापायी. ते माझ्या डोक्यावर आहे," तो म्हणाला. "पण आता अकादमी शिंगाडे गुरुजींना मिळेल. तेवढं झालं."

आत ध्वनिक्षेपक खरखरला. मंत्रिमहोदयांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. चषक काय, कोणीही जिंकतो, ते म्हणत होते. पण पराभव पत्करून सत्य सांगणारा खेळाडू घडवणे, हे खरे प्रशिक्षण. असे संस्कार देणाऱ्या हातांतच महाराष्ट्राची मुले सोपवायला हवीत, आणि म्हणून राज्य अकादमीचे पहिले संचालक म्हणून श्री. मोतीराम तांडेल—

पुढचे टाळ्यांत बुडाले.

काशिनाथ भिंतीला टेकला. मला वाटले तो रडेल. त्याने आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिले, आणि त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसत होता.

"सर," तो म्हणाला, "आता ते हात खाली करायला कसं शिकवणार?"

"का नाही?" मी विचारले.

"सगळ्यांसमोर बोलले ना ते. हेच शिकवतो म्हणाले. मंत्र्यांनी त्याच्यावरच अकादमी दिली. आता पोरांना हात वर करायला शिकवावं लागणार त्यांना. रोज. आणि मला काढता येणार नाही, सर. फोटोत हात माझा आहे!"

"आणि मी आत जाऊन खरे सांगितले तर?" मी विचारले. प्रश्न विचारण्यासाठी विचारला, एवढेच.

"तुम्हांला काय दिसलं, सर?"

"हात."

"मग झालं तर," काशिनाथ म्हणाला, आणि शर्टाला मनगट पुसून बक्षीस समारंभाला गेला.

निर्णय मी आजही तोच देईन. पंचाने दिसणाऱ्या पुराव्यावर निर्णय द्यावा, हे तत्त्व एका खोट्या हाताने मोडत नाही. ज्याच्याकडे सत्य होते, त्याने ते धरून ठेवायला हवे होते. तांडेलकडे ते होते. जन्मात एकदाच, शपथेसह. टाळ्यांचा आवाज आला आणि त्याने ते चार पावलांत सोडले. त्याच्या सगळ्या लबाड्यांपेक्षा मी त्याला या एका सत्यासाठी अधिक तुच्छ मानतो.

अकादमीच्या दारावर पुढे उंचावलेल्या हाताचे बोधचिन्ह लागले. चित्रकाराने बोटे सरळ काढली होती, ती काशिनाथने भांडून वाकडी करून घेतली. तो तेथे उपप्रशिक्षक झाला आणि गेल्या वर्षी सन्मानाने निवृत्त झाला, म्हणूनच हे आज सांगतो आहे. तांडेलला पुरस्कार मिळाले. त्याच्या व्याख्यानांतला वाघ गेला आणि तेथे हात आला.

काशिनाथच्या निवृत्तीपूर्वी अकादमीचा संघ राज्यस्तरीय अंतिम सामन्यात खेळला, तेव्हा मला पाहुणा म्हणून बोलावले होते. खुर्ची तांडेलच्या शेजारी होती. केस पांढरे झालेले, चष्मा तोच. सामना बरोबरीत होता आणि मिनिटभराचा खेळ उरला होता. प्रतिस्पर्धी चढाई करून परतला. पंचाने काही दिले नाही. आणि अकादमीच्या कर्णधाराने, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने, हात वर केला व तो बाहेर चालू लागला. पडद्यावर चित्र आले. क्रीडागृह उभे राहिले. समोर बाकावर काशिनाथ मांडीवर हात ठेवून शांत बसला होता.

सगळ्यांच्या नजरा तांडेलकडे वळल्या. तो उठला आणि टाळ्या वाजवू लागला. जबडा इतका आवळलेला होता की कानशिलावरची शीर दिसत होती.

"वर्तक मास्तर," ओठ न हलवता तो म्हणाला, "खरंच लागला होता का हो?"

माझ्या खुर्चीतून मला स्वच्छ दिसले होते. मुलाच्या खांद्याला चांगली चार बोटे लागली होती. हे त्याला सांगणे मला अवघड नव्हते.

"हात वर आहे ना, तांडेल," मी म्हणालो.

तो टाळ्या वाजवत राहिला.